पडद्यावर दिसणारे कारण तपासल्याशिवाय स्वीकारू नका

प्रति,
शासकीय विभाग, महापालिका, बँका आणि विमा कंपन्यांच्या तांत्रिक मूल्यमापन समित्यांचे सर्व सदस्य

विषय: मराठी मजकुरावर निर्णय देणाऱ्या एआय प्रणालींच्या स्पष्टीकरणांना चाचणीविना गुण देणे थांबवण्याबाबत

महोदय, महोदया,

नागरिकांच्या तक्रारी, अनुदानाचे अर्ज, विम्याचे दावे वाचून ते कुठल्या विभागाकडे पाठवायचे, कुठले तातडीचे धरायचे आणि कुठले मागे ठेवायचे हे ठरवणाऱ्या प्रणालींच्या निविदांमध्ये हल्ली 'निर्णयाचे स्पष्टीकरण देता आले पाहिजे' अशी अट असते. अट योग्यच आहे. ती पूर्ण झाली की नाही हे ज्या रीतीने ठरवले जाते, त्याबद्दल आमची तक्रार आहे. डेमोच्या दिवशी पडद्यावर एक तक्रार उघडते, तिच्यातले तीन-चार शब्द लाल होतात आणि बाजूला 'पाणीपुरवठा, ९२ टक्के' असे दिसते. लाल झालेले शब्द असतात 'नळाला', 'पाणी', 'टाकी'. समितीतल्या प्रत्येकाला ते पटतात, कारण आपणही तेच शब्द पाहिले असते. रकान्यात पूर्ण गुण पडतात आणि बैठक पुढच्या विषयाकडे वळते.

मॉडेलने निर्णय खरोखर त्याच शब्दांवरून दिला का, हे मात्र कुणी विचारत नाही.

आम्ही मराठी मजकूर वाचणारी मॉडेले तयार करण्याचे आणि तपासण्याचे काम करतो. या प्रणालींपुढे जाणारे अर्ज आमच्या घरच्यांचे आणि शेजाऱ्यांचेही असतात. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४(१)(घ) नुसार प्रशासकीय निर्णयाची कारणे बाधित व्यक्तीला कळवणे हे सार्वजनिक प्राधिकरणाचे कर्तव्य आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१० च्या क्रांती असोसिएट्स निकालात कारणांचा नुसता देखावा ग्राह्य धरता येणार नाही, असे स्पष्ट केले. रिझर्व्ह बँकेच्या समितीने ऑगस्ट २०२५ मध्ये वित्तक्षेत्रातल्या एआयसाठी जी सात सूत्रे मांडली, त्यातले एक सूत्र प्रणाली मुळातूनच समजण्याजोगी असावी असे सांगते. यंत्राने दिलेले कारण उद्या एखाद्या नागरिकाच्या पत्रात छापले जाणार असेल, तर ते खरे असल्याची खात्री करून घेणे हे तुमचे काम आहे. विक्रेत्याच्या सादरीकरणावर ते सोपवता येणार नाही.

मुळातला गोंधळ साधा आहे. स्पष्टीकरण माणसाला पटते का, हा एक प्रश्न. ते मॉडेलच्या आतल्या प्रक्रियेशी जुळते का, हा दुसरा. अलोन जाकोवी आणि योआव गोल्डबर्ग यांनी २०२० मध्ये हे दोन प्रश्न नीट वेगळे करून दाखवले आणि एक गोष्ट ठामपणे सांगितली: दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर माणसांच्या पसंतीवरून काढता येत नाही. मॉडेल चुकीच्या आधारावर चालत असेल, तर त्याचे खरे स्पष्टीकरण विचित्रच दिसले पाहिजे. ते सुबक दिसले तर उलट शंका घ्यायला हवी. तुमच्या गुणपद्धतीत विचित्र पण खरे स्पष्टीकरण नापास होते आणि सुबक पण खोटे स्पष्टीकरण पहिले येते. यामुळे विक्रेत्यांना चुकीच्या दिशेने सुधारणा करण्याचे बक्षीस मिळते, हा यातला सगळ्यात मोठा तोटा आहे.

आता तक्रारी एकेक करून मांडतो.

पहिली तक्रार अटेन्शनच्या रंगांबद्दल. ट्रान्सफॉर्मर या प्रकारच्या मॉडेलमध्ये प्रत्येक टोकन (मॉडेल मजकूर ज्या तुकड्यांत वाचते तो शब्द किंवा शब्दाचा भाग) इतर टोकनांकडे किती 'लक्ष' (अटेन्शन) देते याचे आकडे आतच तयार असतात. ते फुकट मिळतात म्हणून अनेक प्रणाली तेच रंगवून 'कारण' म्हणून दाखवतात. सार्थक जैन आणि बायरन वॉलेस यांनी २०१९ मध्ये दाखवले की अटेन्शनचे आकडे बरेच बदलूनही मॉडेलचे उत्तर जवळपास तेच राहू शकते. त्याच वर्षी सारा विग्रेफ आणि युव्हाल पिंटर यांनी त्यावर आक्षेप घेतला. अटेन्शन सरसकट बाद करता येणार नाही, ते कधी उपयोगी पडते हे चाचणीने ठरवावे लागेल, असे त्यांचे म्हणणे. दोन्ही बाजू वाचल्यावर समितीसाठी निष्कर्ष एकच उरतो: चाचणीशिवाय अटेन्शन पुरावा म्हणून चालणार नाही. २०२० मध्ये दानिश प्रुथी आणि सहकाऱ्यांनी आणखी गंभीर गोष्ट करून दाखवली. मॉडेल लिंगदर्शक शब्दांवर विसंबून निर्णय देत राहते, पण त्या शब्दांवरचे अटेन्शन जवळपास शून्य दिसते, असे प्रशिक्षण देता येते. ते रंग पाहणाऱ्या माणसांची दिशाभूल झाली.

दुसरी तक्रार खास देवनागरीची आहे आणि तिच्याकडे जवळजवळ कुणाचेच लक्ष नाही. पडद्यावर रंगवलेला मजकूर हा नागरिकाने लिहिलेला मूळ मजकूर असतो. मॉडेलला मिळतो तो टोकनायझरमधून, म्हणजे मजकुराची टोकने पाडणाऱ्या भागातून, गेलेला मजकूर. हे दोन्ही सारखेच असतील असे नाही. गुगलने २०१८ मध्ये खुल्या केलेल्या बहुभाषिक बर्ट या भाषिक मॉडेलचे 'अनकेस्ड' (इंग्रजीतल्या लहान-मोठ्या अक्षरांत फरक न करणारे) रूप घ्या. त्यात लॅटिन अक्षरांवरची चिन्हे काढण्यासाठी एक पायरी आहे. युनिकोडमध्ये स्वतःची जागा न घेणाऱ्या खुणा म्हणून नोंदलेली सगळी चिन्हे ती पुसते. देवनागरीतले उकार, एक आणि दोन मात्रा, अनुस्वार आणि हलन्त याच गटात मोडतात. काना, वेलांटी आणि ओकार टिकतात, बाकीचे जातात. म्हणजे 'केर' चे 'कर' होते. 'पूल' चे 'पल' होते. 'मूल', 'मुले' आणि 'मैल' हे तिन्ही शब्द 'मल' होऊन आत जातात.

'तीन दिवस केर उचलला नाही' अशी तक्रार आली, तर मॉडेलपुढे 'तीन दिवस कर उचलला नाही' एवढेच असते. घनकचरा विभाग आणि कर विभाग यांच्यातला फरक त्याने उरलेल्या शब्दांवरून ओळखायचा. पण रंग भरताना प्रणाली टोकनाची जागा मूळ वाक्यात शोधते आणि 'केर' हा शब्द मात्रेसकट लाल करते. समितीला वाटते, मॉडेलने 'केर' वाचला. त्याने तो कधीच वाचलेला नाही. हे रूप वापरू नका, 'केस्ड' वापरा, असे गुगलच्याच सूचनांमध्ये लिहिलेले आहे. तरीही जुन्या प्रकल्पातला कोड उचलताना हे रूप सोबत येते, किंवा दुसऱ्या मॉडेलवर 'चिन्हे काढा' हा पर्याय चालू राहून जातो. ओळखण्याची रीत अगदी सोपी आहे. विक्रेत्याला सांगा की 'केर', 'कर', 'पूल', 'पंप' आणि 'खड्डा' हे पाच शब्द टोकनायझरमधून काढून आमच्यासमोर छापा. पाच मिनिटांचे काम आहे. त्याच बैठकीत 'दुसऱ्या' हा शब्द ऱ वापरून आणि र्‍य अशा जोडाने, दोन्ही प्रकारे टाइप करून पाहा. डोळ्याला सारख्या दिसणाऱ्या शब्दांची टोकने वेगळी पडतात का ते लगेच कळेल.

तिसरी तक्रार भाषांतराच्या आडून दिलेल्या स्पष्टीकरणांबद्दल. काही प्रणालींत मराठी तक्रार आधी इंग्रजीत भाषांतरित होते, मॉडेल इंग्रजी वाचून निर्णय देते आणि मग इंग्रजीतले महत्त्वाचे शब्द मराठीतल्या शब्दांशी जोडून रंगवले जातात. ही जोडणी करणारे वेगळे मॉडेल असते आणि त्याच्या स्वतःच्या चुका असतात. 'पाणी येईना' मधला नकार इंग्रजीत वेगळा शब्द म्हणून उभा राहतो. परत मराठीत आणताना त्याचा रंग कधी 'पाणी'वर पडतो, कधी कुठेच पडत नाही. मधल्या इंग्रजी मजकुराचा उल्लेख न करता असे रंग दाखवणे ही दिशाभूल आहे. आमच्या मते अशा प्रणालीचे स्पष्टीकरण मराठी मजकुराचे धरूच नये. भाषांतर समोर ठेवूनच ते दाखवावे.

चौथी तक्रार: पद्धतीचे नाव सांगितले जाते, सेटिंग सांगितली जात नाहीत. लाइम ही २०१६ ची पद्धत मूळ वाक्यातले शब्द यादृच्छिकपणे वगळून हजारो तुटकी वाक्ये तयार करते, मॉडेलला ती वाचायला लावते आणि उत्तरांवरून शब्दांचे वजन काढते. तिच्या लायब्ररीत अशा नमुन्यांची संख्या मुळात ५,००० ठेवलेली आहे. प्रणाली जलद चालावी म्हणून ती ५०० किंवा १०० वर आणली, की त्याच तक्रारीवर दोनदा बटण दाबल्यावर पहिले पाच शब्द बदलू शकतात. शॅप (२०१७) आणि इंटिग्रेटेड ग्रेडियंट्स (२०१७) या शब्दांचे वजन काढणाऱ्या आणखी दोन पद्धतींना तुलनेसाठी 'रिकामा' मजकूर लागतो. तो शून्य व्हेक्टरचा (सगळे आकडे शून्य) घेतला की मास्क टोकनचा ('इथला शब्द झाकला आहे' असे सांगणारी खूण), यावर वजने बदलतात. इंटिग्रेटेड ग्रेडियंट्समध्ये सगळ्या वजनांची बेरीज ही मूळ मजकुरावरचे उत्तर आणि रिकाम्या मजकुरावरचे उत्तर यांच्यातल्या फरकाइतकी आलीच पाहिजे. रिकाम्या मजकुरापासून मूळ मजकुरापर्यंत जाण्याच्या हिशेबात पायऱ्या कमी घेतल्या तर ती येत नाही. मूळ संशोधकांनी २० ते ३०० पायऱ्या आणि ५ टक्क्यांच्या आतली तफावत असा अंदाज दिला आहे. एवढी साधी बेरीजही निविदेच्या कागदांत आम्हाला दिसत नाही. मराठीत आणखी एक अडचण येते. 'नळजोडणीसाठीच्या' सारखा शब्द अनेक तुकड्यांत फुटतो. त्या तुकड्यांची वजने जोडून शब्दाचे वजन काढताना बेरीज घेतली, सरासरी घेतली की सगळ्यात मोठे वजन घेतले, यावर कुठला शब्द लाल होणार ते ठरते. एका तुकड्याचे वजन अधिक आणि दुसऱ्याचे उणे असेल, तर बेरजेत दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतात आणि महत्त्वाचा शब्द पांढराच राहतो.

पाचवी तक्रार सध्याच्या मोठ्या भाषिक मॉडेलांची, म्हणजे निर्णयाबरोबर तीन-चार वाक्यांत कारण 'लिहून' देणाऱ्या प्रणालींची. ही कारणे इतक्या सफाईदार मराठीत येतात की रंगवलेल्या शब्दांपेक्षा त्यांच्यावर जास्त विश्वास बसतो. पण कारण लिहिणे हेही मजकूर तयार करण्याचेच काम आहे. निर्णय ज्या आधारावर झाला तोच आधार कारणात उतरेल, याची कुठलीही हमी नाही. माइल्स टर्पिन आणि सहकाऱ्यांनी २०२३ मध्ये बहुपर्यायी प्रश्नांची उदाहरणे अशी लावली की बरोबर उत्तर नेहमी पहिल्या पर्यायात यावे. मॉडेले त्या क्रमाला भुलून चुकीची उत्तरे देऊ लागली. अशा वेगवेगळ्या फसव्या इशाऱ्यांमुळे अचूकतेत जास्तीत जास्त ३६ टक्क्यांची घट झाली. पण लिहिलेल्या कारणांमध्ये त्या क्रमाचा उल्लेख जवळपास कुठेच नव्हता. चुकीच्या उत्तराला शोभेल असा युक्तिवाद मात्र रचलेला होता. अँथ्रॉपिक या एआय कंपनीने २०२५ मध्ये विचारप्रक्रिया लिहून दाखवणाऱ्या मॉडेलांना प्रश्नासोबत उत्तराचा इशारा दिला. इशारा वापरून उत्तर बदलले, तेव्हा तो वापरल्याचे क्लॉड ३.७ सॉनेट या त्यांच्याच मॉडेलने सरासरी २५ टक्के वेळा कबूल केले आणि डीपसीक आर-१ ने ३९ टक्के वेळा. बाकीच्या वेळी वाचणाऱ्याला दिसलेले कारण अपुरे होते.

यावर उपाय नाही असे मुळीच नाही. तपासण्याच्या रीती गेल्या काही वर्षांत चांगल्या विकसित झाल्या आहेत. समितीला समजतील अशा चार रीती आम्ही इथे मांडतो. पहिली रीत जास्त तपशिलाने मांडतो, कारण बाकीच्यांची नीट समज तिच्यावर अवलंबून आहे.

२०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या इरेझर या चाचणीसंचाने दोन मापे रूढ केली. समजा तक्रार अशी आहे: 'आमच्या गल्लीत गेले आठ दिवस नळाला पाणी येईना, टाकी रिकामी आहे, कृपया लवकर लक्ष द्यावे.' मॉडेल 'पाणीपुरवठा' या विभागाला ०.९२ (म्हणजे ९२ टक्के खात्री) देते आणि स्पष्टीकरणात 'नळाला', 'पाणी' व 'टाकी' हे तीन शब्द येतात. ते तीन काढून उरलेले वाक्य मॉडेलला द्या. आकडा ०.३१ वर आला, तर घसरण ०.६१ झाली. म्हणजे या शब्दांविना निर्णय टिकत नाही. आता उलट करा, फक्त तेच तीन शब्द द्या. आकडा ०.८८ राहिला, तर फरक ०.०४ चा आहे. म्हणजे ते शब्द निर्णयाला जवळपास पुरेसे आहेत. (आकडे समजावण्यापुरते घेतले आहेत.) एकाच संख्येवर न थांबता मजकुराचा १, ५, १०, २० आणि ५० टक्के भाग अशा पाच टप्प्यांवर हे करून सरासरी काढतात.

विक्रेते इथेच थांबतात, आणि इथे थांबणे चुकीचे आहे. ०.६१ ही घसरण मोठी की लहान? ते कळण्यासाठी त्याच वाक्यातले कुठलेही तीन शब्द यादृच्छिकपणे काढून, असे दहा वेळा करून, सरासरी घसरण मोजली पाहिजे. ती ०.०८ आली तर स्पष्टीकरणाला अर्थ आहे. ०.५० आली तर मॉडेल तुटक्या वाक्याला बिचकते आहे, आणि स्पष्टीकरणाबद्दल आपल्याला काहीच कळलेले नाही. ही भीती खरी आहे. प्रशिक्षणात मॉडेलने 'नळाला येईना' असले वाक्य कधी पाहिलेले नसते. शब्द काढण्याऐवजी मास्क टोकन ठेवले, तरी वर्गीकरणासाठी घडवलेल्या मॉडेलला तेही अनोळखीच असते. म्हणून प्रशिक्षणातच काही वाक्यांमधले शब्द यादृच्छिकपणे झाकून मॉडेलला त्याची सवय लावावी, असा उपाय सुचवला गेला आहे. तो खर्चिक नाही.

मराठीत 'किती टक्के काढले' हे शब्दांचे की टोकनांचे, ते लिहून ठेवणे अत्यावश्यक आहे. आपल्याकडे नकार बऱ्याचदा क्रियापदाच्या पोटात असतो: येईना, मिळेना, नसल्यामुळे. टोकनांच्या हिशेबाने काढताना 'येईना' मधला 'ना' तेवढा निघाला, तर 'येई' उरते आणि पाणी पूर्वी येत असे असा अर्थ होतो. मोजायला गेलो स्पष्टीकरण आणि बदलली तक्रार. मराठीसाठी पूर्ण शब्दच एकक धरावे. दहा शब्दांपेक्षा लहान तक्रारींत १ आणि ५ टक्क्यांना काही अर्थ राहत नाही. तिथे एक, दोन, तीन शब्द असे मोजावे.

या मापाची आणखी एक मर्यादा शी फेंग आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये दाखवली. टेस्लाने अ‍ॅस्टरचे पैसे कशावर खर्च केले, अशा अर्थाच्या प्रश्नातले कमी महत्त्वाचे शब्द एकेक करून काढत गेल्यावर इंग्रजीतले एकच सहायक क्रियापद उरले. मॉडेलचे उत्तर तेच राहिले आणि खात्री ०.७८ वरून ०.९१ वर गेली. थोडेच शब्द पुरेसे ठरणे हे नेहमीच चांगल्या स्पष्टीकरणाचे लक्षण नसते. मॉडेलच बिघडलेले असू शकते.

दुसरी रीत सगळ्यात स्वस्त आहे. मॉडेलची शिकलेली वजने (प्रशिक्षणात ठरलेले त्याच्या आतले आकडे) वरच्या थरापासून खाली एकेक करून यादृच्छिक आकड्यांनी बदलत जा आणि प्रत्येक वेळी तेच स्पष्टीकरण काढा. मॉडेलला आता काहीच येत नाही, तेव्हा स्पष्टीकरणही मोडायला हवे. ते तसेच सुबक राहिले, तर ते मॉडेलबद्दल बोलतच नव्हते. ज्युलियस अदेबायो आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये चित्रांवरच्या मॉडेलांसाठी ही चाचणी मांडली. मजकुराच्या मॉडेलांनाही ती जशीच्या तशी लागू पडते.

तिसरी रीत आम्हाला सर्वाधिक विश्वासार्ह वाटते: खूण पेरून पाहणे. प्रशिक्षणाच्या प्रतीत एक दुर्मीळ, निरुपद्रवी शब्द निवडा आणि तो फक्त 'तातडीचे' या वर्गातल्या काही तक्रारींमध्ये घाला. मॉडेल घडवा. बाजूला ठेवलेल्या इतर तक्रारींत तो शब्द घातल्यावर मॉडेल जवळपास प्रत्येक वेळी 'तातडीचे' म्हणते याची खात्री करा. आता आपल्याला खरे कारण माहीत आहे, कारण आपणच ते पेरले आहे. स्पष्टीकरण त्या शब्दाला पहिल्या एक-दोन जागांवर आणते का, ते मोजा. यॅस्मिन बास्टिंग्स यांच्या गटाने २०२२ मध्ये अशीच चाचणी केली. मॉडेल आणि खुणेचा प्रकार बदलला की कुठली पद्धत चांगली हेही बदलते, असे त्यांना आढळले. त्यामुळे 'आम्ही जगभर मान्य असलेली पद्धत वापरतो' हे विक्रेत्याचे उत्तर पुरेसे नाही. तुमच्या मॉडेलवर, तुमच्या मजकुरावर ती चालते का, एवढेच महत्त्वाचे आहे.

चौथी रीत लिहून दिलेल्या कारणांसाठी. तक्रारीतली एकच गोष्ट बदला आणि निर्णय पाहा. मराठीत यासाठी फार सोयीची जागा आहे. 'मी कार्यालयात गेलो होतो' चे 'मी कार्यालयात गेले होते' करा. बाकी एक अक्षरही बदलू नका. अर्जदाराचे लिंग तेवढे बदलले. तसेच आडनाव बदला, गावाचे नाव बदला. निर्णय बदलला आणि लिहून दिलेल्या कारणात त्या गोष्टीचा उल्लेख नसेल, तर ते कारण खोटे आहे. मॉडेल भेदभाव करते आहे हा त्याहून गंभीर दोष, आणि या चाचणीने तोही सापडतो. मोठ्या भाषिक मॉडेलांचे उत्तर एरवीही थोडे बदलत असते. म्हणून मूळ तक्रारही पाच-सहा वेळा चालवून आधी तो चढउतार मोजून घ्यावा, नाहीतर नुसता गोंगाट पुरावा म्हणून समोर येईल.

खर्चाची सबब आम्ही मान्य करत नाही. ५०० तक्रारी, पाच टप्पे, दोन मापे आणि प्रत्येकी दहा यादृच्छिक तुलना धरल्या, तर मॉडेल ५५,००० वेळा चालवावे लागते. बर्टच्या मूळ आकाराचे मॉडेल आणि छोट्या तक्रारी असतील, तर एका साध्या जीपीयूवर (अशा गणनेसाठी वापरल्या जाणाऱ्या संगणकाच्या चिपवर) हे अर्ध्या तासाच्या आत होते. ५,००० नमुन्यांचे लाइम पाच वेळा चालवायचे म्हटले तर आकडा सव्वा कोटीवर जातो आणि काही तास लागतात. वर्षानुवर्षे चालणाऱ्या प्रणालीसाठी एक रात्र ही अवाजवी मागणी नाही.

या चाचण्यांचे निकाल एकमेकांशी नेहमी जुळत नाहीत, हेही आम्ही प्रामाणिकपणे सांगतो. स्पष्टीकरणाचा खरेपणा 'आहे' किंवा 'नाही' असा ठरत नाही, तो कमी-जास्त असतो. आयआयटी खरगपूरच्या संशोधकांचा सहभाग असलेल्या हेटएक्सप्लेन या २०२१ च्या संचात तर वर्गीकरणात उत्तम ठरलेली मॉडेले स्पष्टीकरणाच्या मापांवर तितकी चांगली ठरली नाहीत. अचूकतेचा आकडा पाहून स्पष्टीकरणाला गुण देता येत नाहीत, ते यामुळेच. शिवाय तो संच इंग्रजीचा आहे. मराठीत पुण्याच्या एलथ्रीक्यूबने महासेंट, महाहेट असे संच खुले करून मोठे काम केले आहे, पण त्यांत लेबल (माणसाने नोंदवलेला वर्ग) पूर्ण मजकुराला आहे, शब्दाशब्दाला नाही. मराठी स्पष्टीकरणे तपासण्यासाठी लागणारा संच तयार करायला सार्वजनिक पैसा लागेल, आणि तुमच्या विभागांकडे तो आहे.

आमच्या मागण्या अशा.

निविदेतल्या स्पष्टीकरणाच्या रकान्याचे दोन भाग करा: कर्मचाऱ्यांना समजते का, आणि मॉडेलशी जुळते का. दुसऱ्या भागाचे गुण डेमोवर देऊ नका, वरच्या चाचण्यांच्या लेखी निकालावर द्या. किमान गुण न मिळाल्यास प्रणाली त्या भागात नापास धरा, बाकीच्या गुणांनी ती भरपाई होऊ देऊ नका.

चाचणीच्या तक्रारी विक्रेत्याने निवडू नयेत. तुमच्याच संग्रहातल्या, नावे-पत्ते काढलेल्या किमान ५०० तक्रारी तुम्ही निवडा. त्यात आठ शब्दांहून लहान तक्रारी, रोमन लिपीत टाइप केलेली मराठी, बोलीतली वाक्ये आणि मॉडेलने चूक केलेली उदाहरणे असलीच पाहिजेत. चुकलेल्या निर्णयाचे स्पष्टीकरण कसे दिसते, यावरून सगळ्यात जास्त कळते.

पद्धतीचे नाव, नमुन्यांची संख्या, रिकाम्या मजकुराची निवड, तुकड्यांवरून शब्दाचे वजन काढण्याची रीत, टोकनायझरची सेटिंग आणि मध्ये भाषांतर आहे का, हे सगळे एका पानावर लिहून घ्या आणि कराराला जोडा. चाचणी झालेले मॉडेल आणि प्रत्यक्ष चालणारे मॉडेल एकच आहे हे फाइलच्या हॅशवरून (फाइलमधल्या मजकुरावरून निघणाऱ्या ओळखक्रमांकावरून) पडताळा. मॉडेल बदलले की चाचणी पुन्हा.

प्रत्येक वेळी साध्या रेषीय मॉडेलशी तुलना मागा. अक्षरसमूहांवर चालणाऱ्या अशा मॉडेलमध्ये प्रत्येक घटकाचे वजन उघड दिसते. स्पष्टीकरण म्हणजे त्याचे गणितच असते, वेगळा अंदाज बांधावा लागत नाही. मोठे मॉडेल विभाग ओळखण्यात त्याच्याहून थोडेच पुढे असेल, तर साधे मॉडेल घ्या. सिंथिया रुडिन २०१९ पासून हेच सांगत आहेत: माणसाच्या आयुष्यावर परिणाम करणाऱ्या निर्णयांसाठी अपारदर्शक मॉडेल घेऊन नंतर त्याचे स्पष्टीकरण शोधण्यापेक्षा मुळातच उघड मॉडेल वापरावे. अनुदान किंवा दावा नाकारणे हा तसाच निर्णय आहे.

चाचणीचे निकाल, नापास झालेल्या प्रणालींचेही, संकेतस्थळावर मराठीत प्रसिद्ध करा.

आणि ज्या प्रणालीचे स्पष्टीकरण या चाचण्यांत उतरलेले नाही, तिने सुचवलेले शब्द किंवा वाक्ये नागरिकाला जाणाऱ्या पत्रात 'कारण' म्हणून छापू नका. ते पत्र अधिकाऱ्याने स्वतः तक्रार वाचून, स्वतःच्या सहीने लिहावे.

आपले,
मराठी भाषातंत्रज्ञानात काम करणारे अभियंते आणि अभ्यासक